गेला का रे तो आत?

एस्तेरमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या लॅबमध्ये होतो. बडोद्याच्या समा भागात त्यांच्या शेजारी राहणाऱ्या हंसाबेन एवढंच म्हणाल्या, “भाई, मासी गयां.” मी स्टुलावर बसलो, आणि पहिला विचार मनात आला तो असा, की आज संध्याकाळी समाला जायला नको. याची मला लाज वाटते. पण सात महिने रोज ड्युटी संपवून त्यांच्याकडे जायचं, औषध द्यायचं, वाचून दाखवायचं, यात मी थकलो होतो… त्याही थकल्या होत्या. आज पाच आठवडे उलटून गेले. माझा थकवा अजून उतरलेला नाही.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावातून बी.एस्सी. होऊन मी बडोद्याला आलो, तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकांनी त्यांच्या नावाची चिठ्ठी दिली होती. माझ्याआधी आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. शहरात कसं वागावं हे सांगणारं कोणी नव्हतं. मावशी तेव्हा नर्सच्या नोकरीतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. दोन वर्षं मी त्यांच्या हातचं जेवलो. महिन्यातून एकदा आम्हा मोजक्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थना त्यांच्या घरी असे. शास्त्रपाठ सुरू होण्याआधी त्या उठून पंखा बंद करायच्या, मे महिन्यातसुद्धा. वचन ऐकायला बोलावलंय की घाम काढायला, असं कोणी कुरकुरलं तर म्हणायच्या, दोन्ही होईल. वाचून झालं की लगेच कोणी बोलायचं नाही, पानंही चाळायची नाहीत. पेशंट बोलत असताना पुढचं इंजेक्शन भरत राहणाऱ्या नर्सला काहीच ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र वाचन संपायच्या आतच चार मुद्दे सुचलेले असत. मी ते मांडत असे, लोक कौतुक करत. मावशी उठून पंखा लावत.

माझी धाकटी बहीण करुणा बारावीनंतर माझ्याकडे बडोद्याला, कारेलीबागेत आली. तिचं पुढचं शिक्षण मी केलं. चार वर्षांपूर्वी तिने रावपुऱ्यातल्या एका मराठी हिंदू घरातल्या मुलाशी लग्न ठरवलं, आणि ठरल्यावर मला सांगितलं. मी लग्नाला गेलो नाही. नंतर बोललोही नाही. लोकांना मी धर्माचं कारण सांगितलं, पण खरं सलत होतं ते वेगळंच. मी एवढं केलं, आणि हिने मला विचारलंही नाही. मावशींनी हा विषय एकदा काढला होता. मी म्हटलं, यावर बोलायचं नाही. त्यांनी तो पुन्हा काढला नाही… असं मी समजत होतो.

अंथरूण धरल्यावर त्या माझ्याकडून रोज एक उतारा वाचून घेत. शेवटच्या महिन्यात मात्र एकच गोष्ट, बाप आणि त्याच्या दोन मुलांची. धाकटा आपला वाटा घेऊन निघून जातो, सगळं उधळून परत येतो, बाप त्याला जवळ घेतो आणि घरात मेजवानी होते. थोरला शेतातून दमून येतो, आतला गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून चिडतो आणि दाराशीच थांबतो. इतकी वर्षं मी राबलो, म्हणतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तिथे गोष्ट संपते. मी पुस्तक मिटलं की मावशी विचारायच्या, “गेला का रे तो आत?”

मला वाटलं, त्यांचं भान सुटत चाललंय. मी समजावून सांगायचो, थोरला म्हणजे त्या काळचे धर्मपुढारी, शेवट मुद्दाम मोकळा सोडला आहे, वगैरे. त्या ऐकून घेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. एकदा मी साहेबांची बोलणी खाऊन आलो होतो. जरा चिडूनच म्हणालो, “मावशी, पुढे लिहिलेलंच नाही. रोज काय सांगू?”

“लिहिलेलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?” असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी औषध दिलं आणि निघालो. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

त्या दिवशी समाला पोहोचलो तर दारातून आत करुणा दिसली. साखर कुठे, कप कुठे, हे पाठ असल्यासारखी स्वयंपाकघरात वावरत होती. मी हंसाबेनकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “करुणाबेन तो रोज सवारे आवतां. तमने खबर नहोती?” मावशींचं अंग पुसणं, वेणीफणी, सकाळचं औषध, सगळं चार महिने तीच करत होती. भिंतीवरच्या औषधांच्या कागदावर सकाळच्या रकान्यातल्या खुणा मी रोज पाहत होतो. त्या कामाच्या बाईच्या असतील, असं मी धरून चाललो होतो. मी आत गेलो नाही. बाहेर खूप कामं होती… गाडी, खुर्च्या, दफनभूमीची चिठ्ठी. कबरीपाशी पाळकांनी काय वाचलं, त्यातला एक शब्द मला आठवत नाही. मला मावशींचा प्रश्न ऐकू येत होता, आणि तो मला विचारलेला आहे हे पहिल्यांदाच कळत होतं.

तरी पाच आठवडे लागले. गेल्या रविवारी उपासनेनंतर रावपुऱ्यात गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं. करुणाने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “चपला आत काढ. बाहेरून कुत्री नेतात.”

मग ती बोलली. लग्नात तिची पाठवणी करायला आमच्या घरचं कोणी नव्हतं, तिथपासून. बराच वेळ बोलली, काही फार कडू. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी एकही दिलं नाही. शेवटी ती दमली आणि चहा ठेवायला उठली. खिडकीजवळ मावशींची वेताची खुर्ची होती, हंसाबेननी तिला दिलेली. करुणा ओट्यापासूनच म्हणाली, “मी रोज सकाळी विचारायचे, काल दादा काय म्हणाला? मावशी म्हणायच्या, ‘अजून वाचतोच आहे.’”

मी उठून पंखा बंद केला आणि त्या खुर्चीत बसलो.