दुर्गाबाईनं नेलेली माती

कोंढ्यात माणूस मेलं की गाव मातीला जातं. देव कोणाचा कोणताही असो, येणारा मूठभर माती टाकतो नि तळ्यावर हातपाय धुऊन घरी जातो. प्रार्थनेला जाणाऱ्या दोन-चार घरांत बायाही मातीला जातात, नि पहिली मूठ मायबापाची असते. तोवर बाकीचे हात आवरून उभे राहतात. दुर्गाबाईच्या चंदनला मात्र मायबापाची मूठ मिळालीच नाही.

चंदन एकुलता एक. गवंडीकामात हात बसलेला. प्रार्थनेच्या मंडळीची तरुण पोरं दरसाल धानाचा रोवणा आटोपला की हिरालाल पास्टरसोबत कुठंतरी सेवेला जात. त्या साली नेपाळ ठरलं. तिकडच्या एका डोंगरी गावात पुरानं शाळेची खोली पाडली होती, ती उभी करायची होती.

"घरची पडवी दोन सालापासून पडून आहे, नि तू चालला परदेशात भिंत बांधाले," दुर्गाबाईनं टोमणा हाणला.

"माये, आपली पडवी का पळून जाऊन राहिली? आलो का बांधतो."

तिथं तो रेती काढायला नदीत उतरला नि वरून पाणी आलं. सापडला तो दोन वळणं खाली. दरडी कोसळून रस्ता बंद झालेला, घरी आणायची सोय नाही. तिथल्या एका बाईनं आपल्या शेतात जागा दिली. कोंढ्यात आला तो मोबाइलवरचा फोटो. ओला ढिगारा नि दोन बांबूंचा क्रूस. चंदनचा बाप मोतीलाल, त्यानं तो एकदा पाहिला नि मोबाइल फळीवर उलटा ठेवला.

पुढच्या साली पोरं उरलेलं काम करायला निघाली, तशी दुर्गाबाई पास्टरच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मी येतो."

"काकू, तरण्या पोरायचं काम आहे. डोंगर चढा लागते."

"तुमच्या तरण्या पोरायले भात रांधता येते का? चंदन फोनवर सांगे, का रीना भाताची लापशी करते म्हणून."

दारात बसलेली रीना हसली नि लगेच तोंड फिरवून बसली. चंदन वाहून गेला तेव्हा ती नदीच्या काठावरच होती.

घरी दीर तुलाराम बोललाच. त्याची देवपूजा जुनीच, पण शेत नि बोलणंचालणं एकाच धुऱ्याचं. "वहिनी, गेलेल्या माणसामागं इतकं दूर कोणी जाते का?"

"भाऊजी, तुमच्या बाबाची राख घेऊन तुमी कुठवर गेल्ते?"

"प्रयागले."

"मंग?"



निघायच्या सकाळी ती धानाच्या बांधीवर गेली. बांधीच्या कडेच्या ज्या धुऱ्यावर चंदन चिखल चढवायचा, त्याच्या पोटातून तिनं खुरप्यानं माती काढली नि लुगड्याच्या फडक्यात बांधली. मोतीलालला गुरं नि पाणी सोडून जाता येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "माह्या वाटची मूठ बी घेजो."

आगगाडी, मग मोटार, मग पायवाट. पोरं गाणी म्हणत चढत होती. ती गाठोडं उराशी धरून चढत होती.

जागा देणारी बाई वाटेतच सामोरी आली. दुर्गाबाईचा हात धरून शेताच्या कडेला घेऊन गेली, नि थांबली. पुढं शेतच नव्हतं. खाली नदी होती.

बाई रडत बोलत होती, पास्टर अर्थ सांगत होते. औंदाच्या पुरानं काठ कापला, ढिगारा त्यातच गेला. तिनं दगड रचून पाहिले, टिकले नाहीत. नि म्हणते, त्या दिवशी पोराची माय नव्हती, म्हणून पहिली मूठ मीच टाकली.

दुर्गाबाईला त्या बाईचा राग आला. इतका, की तिनं हात सोडवून घेतला.

रीना हळूच म्हणाली, "काकू, प्रार्थना करून नदीतच सोडू का?"

"नदीले कायले देऊ वो? तिनं त घेतलाच आहे." तिनं गाठ आणखी आवळली. "चाल, चूल कुठं मांडाची ते दाखव."

मग आठवडाभर तिनं पोरांना रांधून घातलं नि भिंतीला मातीचा हात दिला. लिंपणाच्या छपाईत तिचा हात गावात कोणी धरत नसे. खालचे थर दाखवत एक पोरगा म्हणाला, "काकू, इथवर चंदनचं आहे." तिनं मान हलवली. त्या दगडांवर तिचा हात परत परत फिरला, गरज नव्हती तरी.

निघताना ती बाई दूरच उभी होती. दुर्गाबाईच गेली तिच्याजवळ. "कोणाची त पडली पहिली मूठ," ती आपल्या बोलीत म्हणाली. बाईला काय कळलं कोण जाणे, तिनं दुर्गाबाईचे हात धरले. या वेळी दुर्गाबाईनं सोडवले नाहीत.

कोंढ्याला उतरली तर घराला कडी. ती थैलीसकट बांधीवर गेली. मोतीलाल फावडं घेऊन उभा होता.

"धुरा कोणं खणला वो इथं? आज तिथूनच फुटला, बांधीतलं पाणी चाललं ना सारं."

"मीच."

तो त्या भोकाशी वाकला. "देल्ली का माती?"

"जागाच नाई राहिली. नदी घेऊन गेली."

पाणी भळभळ खालच्या बांधीत जात होतं.

"धान वाळून जाईन," मोतीलाल म्हणाला.

दुर्गाबाई खाली बसली. गाठ दातानं सोडली. माती वाळून ढेकळं झाली होती. पहिली मूठ तिनं त्या भोकात टाकली. दुसरी मोतीलालनं. ढेकळं पाण्यात विरून गेली.

खालच्या बांधीत तुलाराम निंदत होता. तो उठला, धुऱ्यावर चढला, नि काही न विचारता त्यानंही एक मूठ टाकली.

मग मोतीलालनं फावड्यानं चिखल ओढला, तिनं पायानं दाबला. पाणी थांबायला बराच वेळ लागला. थांबल्यावर तिघं तळ्यावर गेले, हातपाय धुतले नि घरी आले.