कपाटातल्या ड्राइव्हवरची ओवी

या सदरातले अमानवीय अनुभव मी नेमानं वाचतो आणि खरं सांगायचं तर वाचून हसतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. कॉम्प्युटर, फर्स्ट क्लास. बापानं मेंढरांमागं पायाची कातडी झिजवून मला शिकवलं, ते असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला नाही. बिरोबाला हात जोडतो, तो घरचा देव म्हणून. बाकी भूत-बित... कधीच नाही. म्हणून पुढं लिहिलंय ते मी आधी मशीनमधला बिघाड शोधावा तसं तपासलंय. पुन्हा पुन्हा तपासलंय. तुमच्यापैकी कुणाला चूक सापडली तर कृपा करून कळवा.

राहायला कुंभारीत, कामगारांच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर. नोकरी सोलापूर ओलांडून पलीकडं, चिंचोळी एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. तिथं कॉम्प्युटर विभाग सांभाळतो — विभाग म्हणजे मी एकटाच. तिथला भंगारात निघालेला एक डेस्कटॉप घरी आणला, त्यावर लिनक्स टाकलं आणि टीव्हीच्या खालच्या फळीवर छोटा सर्व्हर उभा केला. घरातले फोटो, दाखले, सातबारा, सगळं त्यावर. रोज आपोआप बॅकअप — एक कॉपी धाकट्या भावाच्या, सिद्धाच्या पीसीवरच्या शेअर फोल्डरमध्ये आणि एक सर्व्हरला लावलेल्या यूएसबी ड्राइव्हवर. तिसरी कॉपी म्हणून आणखी एक ड्राइव्ह भरून आईच्या लोखंडी कपाटात ठेवला होता, साड्यांच्या खाली. घरात आग लागली, चोरी झाली, तर निदान तो राहील म्हणून. कपाटाची किल्ली आईच्या कमरेला. सिद्धा म्हणायचा, "दाद्या, मंत्र्याच्या घरी बी एवढा बंदोबस्त नसंल."

आमचे आबा, म्हणजे वडील, सांगोल्याकडच्या माळावर धनगरी ओव्या म्हणायचे. सबंध पट्ट्यात नाव होतं त्यांचं. ओवी कशी असते ते माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो — एक जण पुढं गातो आणि त्याची ओळ संपली की मागचे गडी ती उचलून धरतात. त्याला झील म्हणतात. आणि सुरुवातीला देवाचं नाव घेऊन 'सुंबरान मांडायचं'. एकदा सुंबरान मांडलं की कथा अर्ध्यात सोडायची नाही. आमच्याकडं हे कडक पाळतात. पाऊस येवो, वीज जावो, ओवी तडीला न्यायचीच.

आबांच्या घशात गाठ निघाली. मेंढरं विकून ते आणि आई माझ्याकडं कुंभारीला राहायला आले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज कायमचा जाणार.

ऑपरेशनला भरती करायच्या आदल्या दुपारी मी फोनचा रेकॉर्डर लावला आणि म्हणालो, "आबा, एक ओवी म्हणा."

"झील कोण धरणार? तू?"

"मी कुठला आबा, मला सूर कुठंय."

"मग कालिजात काय शिकलास रं?" असं म्हणून हसले. घसा दुखत होता तरी हसले. आणि सुंबरान मांडलं. एकट्यानंच. पुढची ओळही तेच म्हणायचे आणि झीलही तेच उचलायचे, मध्ये श्वासापुरतीही उसंत नाही. कथा निम्म्यावर आली आणि ठसका लागला. रक्त पडलं. आईनं गरम पाणी आणलं, मी रेकॉर्डर बंद केला. आबा हातानं खूण करत राहिले — थांब, थांब.

"मांडल्यालं उरकाय पायजे," असं ते म्हणाले. आवाजात बोललेल्या त्यांच्या शेवटच्या वाक्यांपैकी ते एक.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. आबांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळं बोलणं सगळं हातवाऱ्यावर. त्यांचा आवाज आता जगात फक्त त्या एका फाईलमध्ये होता. फाईल मी सर्व्हरवर टाकली आणि फोन भरलेला म्हणून फोनमधली काढून टाकली. तीन-तीन ठिकाणी बॅकअप असताना फोनमध्ये कशाला?

उन्हाळ्यात लाईटचा लपंडाव सुरू झाला आणि एका झटक्यात सर्व्हरची डिस्क गेली. मी घाबरलो नाही. सिद्धाचा पीसी उघडला, तर शेअर फोल्डरच नाही.

"अरे, फोल्डर कुठंय?"

"विंडोज नवं मारलं की मागल्या आठवड्यात. तू म्हणला हुतास ना, स्लो झालाय, फॉरमॅट मार?"

असू दे. सर्व्हरला लावलेला यूएसबी ड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला. त्यावर कित्येक महिन्यांपासून नवीन काही नाही. कारण लगेच लक्षात आलं. ड्राइव्ह जोडलेला असो-नसो, त्याच्या नावाचा रिकामा फोल्डर सर्व्हरवर असतोच. लाईट जाऊन आल्यावर कधीतरी ड्राइव्ह नीट जोडलाच गेला नव्हता. मग रोजची कॉपी त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्याच डिस्कवर पडत राहिली. आणि मला रोज मेल येत राहिला — बॅकअप यशस्वी.

डिस्क घेऊन सोलापुरात दोन दुकानं फिरलो. एकानं उघडून बघितली आणि परत हातात दिली. "साहेब, आतल्या चकतीवर चरे पडलेत. यातनं काही निघत नाही."

घरी आलो. आबा खाटेवर बसलेले. त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं आणि 'जाऊ दे' अशा अर्थानं हात हलवला. तो हात बघवत नव्हता.

कपाटातला ड्राइव्ह राहिला होता, पण तो त्या दुपारच्या रेकॉर्डिंगच्या कितीतरी आधी भरून ठेवलेला. त्यावर ओवी असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी जुने फोटो तरी वाचतील म्हणून आईकडून किल्ली घेतली. साड्या बाजूला केल्या. ज्या पिशवीत बांधून ठेवला होता तीच पिशवी, तीच गाठ. लॅपटॉपला लावला. सगळं जुनं... आणि सगळ्यात खाली एक फाईल. ओवी. तारीख त्याच दुपारची.

सिद्धाला हाक मारली. तो म्हणाला, "तूच कवातरी लावला असशील आन इसारला असशील. लई शिकलं की असं व्हतंय." असेलही. मी मान्य करतो, असेलही. पण मग फक्त तेवढी एकच फाईल कशी आली? आणि दुसरं... ती आम्ही पुढं ऐकत गेलो तर ठसका आलाच नाही. ओवी पुढं चालली. कथा पुरी झाली. देवाला हात जोडून शेवट केलेला, आवाज आबांचाच, तोच घोगरेपणा. म्हणजे मी जिथं रेकॉर्डर बंद केला, त्याच्या कितीतरी पुढपर्यंत.

आईनं पदर तोंडाला लावला. मी आधी त्या फाईलच्या कॉपी केल्या, सर्व्हरच्या नवीन डिस्कवर, सिद्धाच्या पीसीवर, दुसऱ्या यूएसबी ड्राइव्हवर. मग लॅपटॉप आबांपुढं ठेवला.

"आबा, तुमचा आवाज सापडला."

सुंबरान सुरू झालं. आबांचे ओठ सोबत हलायला लागले. डोळे भरून आले. आणि थोड्याच वेळात ओठ थांबले. त्यांनी हात वर केला.

मी बंद केलं. "काय झालं? त्रास होतोय का?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, हात आडवा हलवला आणि लॅपटॉपकडं बोट केलं.

आई म्हणाली, "म्हनत्यात, ह्यो मी न्हवं."

"आबा, अहो तुम्ही लई पुढंपर्यंत गायला होता. मी स्वतः बसलो होतो की हितं!"

पुन्हा लावलं. हात त्याच जागी वर. पुन्हा लावलं, त्याच जागी. तेव्हा मी त्या जागेकडं कान देऊन ऐकलं. तिथून पुढं प्रत्येक ओळीनंतर गाणारा थांबत होता. मोकळी जागा सोडत होता. मागच्या गड्यांनी झील धरावी म्हणून जशी सोडतात, तशी. त्या दुपारी आबा एकटे होते. त्यांनी अशी जागा एकदाही सोडली नव्हती. म्हणजे ते जे खरंच गायले होते, तेही या फाईलमध्ये नाही. त्यांचं आहे ते फक्त सुंबरान. बाकीचं कोण गातंय?

आबांनी पुन्हा कधी ती ऐकली नाही. लॅपटॉप उघडला की तोंड भिंतीकडं करून झोपायचे. दिवाळी व्हायच्या आधी ते गेले. झोपेत, शांतपणे, घशाच्या त्याच दुखण्यानं. त्यात अमानवीय काही नाही.

मी सुंबरानापुरता तुकडा कापून वेगळा ठेवला. भावकीतली माणसं आली की तोच लावायचो. ऐकून म्हणायचे, "एवढाच व्हय?" मी म्हणायचो, "एवढाच."

पण आईला तेवढ्यानं भागेना. एके दुपारी म्हणाली, "सगळी लाव."

"आई, पुढचं आबांचं नाही. ते स्वतः म्हणाले."

"ठाव हाय मला. कुनाचा का असंना. त्यांच्यावानी हाय... लाव की."

लावली. सुंबरान संपलं, पहिली मोकळी जागा आली आणि आईनं झील धरली. आमच्यात बायका झील धरत नाहीत. पण जन्मभर ऐकलेलं, सगळं पाठ होतं तिला. ती धरायची, सोडायची, की तो पुढची ओळ घ्यायचा. मी दारात उभा राहून बघत होतो.

मधेच भाजीवाली दारात आली. आई ओळ सोडून उठली, बाहेर गेली, मेथी घेतली, तिच्याशी चार शब्द बोलली. लॅपटॉप चालूच होता. स्क्रीनवरची वेळ पुढं सरकत होती, पण आवाज नव्हता. मला वाटलं, स्पीकर गेला. आई परत येऊन बसली, मेथीची जुडी मांडीवर घेतली आणि राहिलेली झील पुरी केली.

तो पुढची ओळ गायला लागला.

आई कामात असताना मी ती फाईल एकट्यानं तपासली. त्या जागी मोकळीक एका ओळीपुरतीच आहे. साईझ तीच, लांबी तीच, चारही कॉपी अक्षरशः सारख्या. मी ती पुसून टाकू शकत नाही, कारण आई रोज दुपारी जेवण झालं की लॅपटॉपपुढं बसते. आता मला बोलवत नाही, स्वतः लावायला शिकलीये. मी कारखान्यात असतो. शेजारची म्हणते, तुमची आई दुपारी एकटीच गाते. आणि कधी कधी मध्येच गप्प बसून ऐकत राहते, तरी ओवी थांबत नाही. जणू आता तिच्याऐवजी दुसरंच कुणी झील धरतंय.