बोंबील साफ करताना मिळालेली खात्री

मी सांगितलं ते कुणालाच पटलं नाही. तेव्हाही नाही, आणि आजही बुवापाड्यात दोन-चार बाया आहेत ज्यांना पटत नाही. नाही तर नाही! पण आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेचे किस्से असे आहेत, की एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. म्हणून आज सगळे एकदम सांगते. मध्ये कोणी बोलायचं नाही.

मी घरची ख्रिस्तीच, नगरकडची. लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडलेलं, नाताळला नवा फ्रॉक, आणि मेल्यावर आपलं काय होणार याची कायम धास्ती. लग्न होऊन अंबरनाथला बुवापाड्यात आले, तर धास्तीही माहेरच्या पेटीसारखी बरोबर आली.

एका दुपारी मोरीत बसून बोंबील साफ करत होते. नवरा कंपनीत, पोरं शाळेत. हातात बोंबील, आणि मला एकदम कळलं, की आपण देवाच्या आहोत. येशूनं आपलं तारण केलंय, आपल्याला हातात घेतलंय, आणि त्याच्या हातातून आता कोणी ओढून नेऊ शकत नाही. बस्स. उजेड नाही, आवाज नाही, स्वप्न नाही. धास्ती गेली ती गेलीच. हसत हसत उरलेले बोंबील साफ केले.

गुरुवारी उभं राहून हीच साक्ष दिली. आमच्या बायकांच्या प्रमुख सुशीलाबाई. त्यांनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "मार्थाबाई, निदान हात धुऊन तरी खात्री मिळवायची!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मला बाप्तिस्मा हवा होता. आमची मंडळी, म्हणजे इथलं चर्च, लहानपणचं शिंपडणं न मानणारी; मोठेपणी नदीत बुडवून बाप्तिस्मा देणारी, बदलापूरला उल्हास नदीवर. आणि कुठल्या बाईचं नाव पाळकसाहेबांकडे जायचं, ते सुशीलाबाई ठरवणार. त्या म्हणाल्या, "आधी काहीतरी खूण दिसू दे."

*

खुणा बाकीच्यांकडे ढिगानं होत्या. रत्नाबाईंची साक्ष टायफॉइडची. पहिल्यांदा सांगितली तेव्हा नुसता ताप होता. पुढच्या खेपेला डॉक्टरनं हात टेकले. नंतर डॉक्टर रडायला लागला. ईस्टरच्या सभेत तर गावाहून नातेवाईक निघाले आणि शवपेटीसुद्धा सांगून झाली!

त्यांचा नवरा मागे बसला होता. मी हळूच विचारलं, "भाऊ, खरंच पेटी सांगितली होती?"

तो म्हणाला, "वहिनी, मी तेव्हा ड्युटीवर होतो. मी विधुर झालो होतो की नाही, ते मला पुढच्या ईस्टरला कळेल!"

*

सुशीलाबाईंचा खरा आक्षेप माझ्या तोंडावर होता. आता तोंड देवानंच दिलंय, मी काय करू?

एकदा नळाच्या लाइनीतून कोणीतरी माझा हंडा मागे सरकवला. मी सुरू झाले. अख्खी चाळ बाहेर आली. नेमक्या सुशीलाबाई भाजीला निघालेल्या. पिशवी खांद्यावर टाकून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काय हो, तारण झालंय ना तुमचं?"

"माझं झालंय! माझ्या हंड्याचं अजून व्हायचंय!"

नाव पाठवणं पुन्हा पुढे ढकललं.

*

मग बाहेरगावचे एक मोठे प्रवचनकार आले. त्यांनी विचारलं, "मेल्यावर आपण देवाजवळच जाणार, असं कोण छातीठोक सांगेल?" सगळ्या बाया "आशा आहे, आशा आहे" म्हणाल्या. मी सरळ हात वर केला.

प्रवचनकार म्हणाले, "बाई, हा गर्व नाही का?"

मी म्हटलं, "गर्व कसला? माझी आई मला चपलेनं बडवायची, तेव्हाही मला पक्कं ठाऊक होतं की ही माझीच आई आहे!"

ते म्हणे पुढे तीन गावांत हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगत फिरले. आता त्यांना कोण विचारणार?

*

नाव गेलं नव्हतं, तरी मी बाप्तिस्म्याची पांढरी साडी घ्यायला उल्हासनगरला कॅम्प एकला गेले. खात्री आहे तर साडी नको? बरोबर सुशीलाबाईंची सून मंगल. हिंदू घरातून आलेली, स्वभावानं लोणी. सासूला न सांगता आली बिचारी.

दुकानदार सिंधी शेठ. मी पदर चोळून विचारलं, "पाण्यात टिकेल ना? गॅरंटी?"

शेठ म्हणाला, "माई, गॅरंटी तो आजकल भगवान भी नहीं देता."

"हमारा देता है!"

"अच्छा? लिखके देता है?"

मी म्हटलं, "लिखके दिया है! बाइबल में! पूरी छासठ किताब!"

शेठ गल्ल्यावरून उठला. मंगलला म्हणाला, "बेटी, इनको बिठाओ, चाय मंगाओ. ऐसी पार्टी से बहस नहीं करने का."

*

आता शेवटचा. तो गुरुवार सुशीलाबाईंच्या घरी होता. मंगलचं बाळ मांडीवर, चांगलं गुटगुटीत. मी म्हटलं, "काय गोड गं!" मंगलनं बाळाच्या गालाला काजळाची तीट लावली होती. सुशीलाबाईंनी सगळ्यांदेखत ती पदरानं पुसली. "आपल्यात असलं चालत नाही!"

गीताच्या वेळी बाळ किरकिरलं, म्हणून सुशीलाबाई त्याला आत फिरवून आल्या. गीत झालं. पाळकसाहेबांनी विचारलं, "आत्ता या घडीला देवाचं बोलावणं आलं, तर कोण कोण तयार आहे?"

सगळ्यांचे हात वर. सुशीलाबाईंचे तर दोन्ही.

आणि घशाला झोंबलं. एक खोकली, दुसरी खोकली, डोळ्यांतून पाणी. रत्नाबाई ओरडल्या, "गॅस! कंपनीचा गॅस सुटला!" भोपाळचं ताजं होतं, आणि आमच्याकडे केमिकलच्या कंपन्या काय कमी? हात खाली, पदर तोंडाला, आणि मंडळी बाहेर! पाळकसाहेब सगळ्यांत पुढे. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात रत्नाबाईंची!

आत राहिलो दोघी. मी आणि सुशीलाबाईंच्या सासूबाई, रूथआजी. अंथरुणाला खिळलेल्या, खाट मागच्या दाराशी. गडबडीत त्यांना सगळे विसरले. मी एकटीनं उचलून पाहिलं, जमेना. मग बसले त्यांच्या उशाशी. म्हटलं, जायचं तर दोघी मिळून जाऊ. मनात भीती शोधली, सापडली नाही. खोकत खोकत आम्ही एक कडवंही म्हटलं.

मग माझ्या डोक्यात आलं, कंपनीचा गॅस मागच्या अंगणातूनच कसा येतो? दार उघडलं. घमेल्यात निखारे, त्यावर मीठ-मोहरी आणि मूठभर सुक्या मिरच्या. कोणीतरी बाळाची दृष्ट काढून टाकलेली! मी बादलीभर पाणी ओतलं.

"आजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं म्हणून तर पळाले नाही!" आजी म्हणाली.

मंडळी एकेक करून परत आली. पाळकसाहेबांनी विचारलं, "मार्थाबाई, तुम्ही का नाही पळालात?"

"आजी इथं होत्या. आणि हात वर केला होता ना मी."

पाळकसाहेबांनी खाली पाहिलं, तर पायात रत्नाबाईंची चप्पल. ती काढून ठेवत म्हणाले, "येत्या रविवारी बदलापूरला पहिलं नाव तुमचं."

"साहेब, थांबा," सुशीलाबाई म्हणाल्या. "आधी हे मिरच्यांचं कोणी केलं ते ठरू दे. हिनंच केलं असेल तर? अशा बाईला पाण्यात उतरवणार?"

"मी सतरंजीवरून उठलेसुद्धा नाही!" मी म्हटलं.

मग सगळ्यांच्या नजरा मंगलकडे वळल्या. ती रडायलाच लागली. "माझी आई करते... पण मी नाही केलं हो."

माझं डोकं फिरलं. "पोरीला कोणी बोलायचं नाही! हवं तर माझं नाव खोडा. माझी खात्री तुमच्या यादीत नाही!"

तेवढ्यात रत्नाबाई म्हणाल्या, "पण काही म्हणा, दृष्ट असली की ठसका लागत नाही. एवढा लागला, म्हणजे बाळाला दृष्ट नव्हतीच."

"तुम्हाला हे कसं ठाऊक?" पाळकसाहेबांनी विचारलं. रत्नाबाई चप्पल शोधायला लागल्या.

शेवटी पाळकसाहेब खाटेपाशी वाकले. "आजी, तुमची खाट दाराशी. तुम्ही पाहिलं असेल. कोण गेलं मागे?"

आजीनं आधी मंगलला जवळ बोलावलं, तिचे डोळे पुसले. मग बोळकं पसरून हसली आणि म्हणाली,

"आमची सुशीला."