उत्पन्नाचं साधन: बुद्धिबळ

चेनवालीला खऱ्या नावाने हाक मारणारं गल्लीत कुणी उरलं नव्हतं. पिशवी, बॅग, जाकीट, कशाचीही चेन बिघडो, दोन पायऱ्या चढायच्या आणि तिच्यापुढे टाकायची. ती आधी गिऱ्हाइकाला झापायची, एवढं कोंबायचं कशाला म्हणून. मग पक्कड घेऊन रनर असा काही दाबायची की चेन सरसर सरकायला लागे. गिऱ्हाईक बोलणी खाऊन वर पैसे देऊन जायचं, आणि खूश होऊन जायचं.

तिला धाकात ठेवणारं माणूस एकच, गणिताच्या बाई. शाळेत दोघी एका बाकावर. पुढे एकीने फळा धरला, दुसरीने पक्कड. साठीच्या तोंडावर बाईंच्या मणक्याचं दुखणं वाढलं आणि पाय कामातून गेले. हात आणि जीभ मात्र शाबूत राहिली, विशेषतः जीभ. तेव्हापासून चेनवाली दुकान उघडण्याआधी जायची, बाईंना उठवायची, अंघोळ घालायची, वेणी घालून चाकाच्या खुर्चीत बसवायची. संध्याकाळी पुन्हा फेरी. पण बाई महा आडमुठ्या. तांब्या हाताला लागत नसला तर घसा कोरडा ठेवून बसतील, मागणार नाहीत. मागितलंच तर आधी चारदा ‘तुला उगीच त्रास’ म्हणणार. ते ऐकलं की चेनवालीच्या डोक्यात तिडीक जायची.

मग बाईंना सरकारी भत्ता सुरू झाला. जी व्यक्ती मदत करते तिला दरमहा द्यायचा, असा तो भत्ता. बाईंनी पाकीट पुढे केलं, चेनवालीने ते उशीखाली सारलं. मैत्रिणीला अंघोळ घालायचे पैसे घेऊ? तीन आठवडे दोघींची जुंपली होती. शेवटी बाईंनी तोडगा काढला: एक तारखेला बुद्धिबळाचा डाव मांडायचा, जिंकेल तिचं पाकीट. चेनवालीला घोडा अडीच घरं जातो याच्या पलीकडे फारसं ठाऊक नव्हतं. तरी जिंकली की! पुढच्या महिन्यातही जिंकली. सव्वीस महिने ओळीने जिंकली, आणि गणिताच्या बाईंना मी पाणी पाजते म्हणून गल्लीभर सांगत सुटली.

घोळ केला तो फॉर्मने. पाकिटातले पैसे चेनवाली बँकेत टाकायची; ते दरमहा कुठून येतात, अशी कर कचेरीतून विचारणा आली. ‘उत्पन्नाचं साधन’ या रकान्यात चेनवालीने ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘बुद्धिबळ’. उलट टपाली उत्तर आलं, खेळातल्या कमाईवर पहिल्या पैशापासून कर. आकडा तिने दोनदा वाचला. दुकानाचं चार महिन्यांचं भाडं होतं ते. आणि दुकानाचा मालक तर टपूनच बसला होता, एक हप्ता चुकला की हिला बाहेर काढायला.

बाई म्हणाल्या, मीपण येणार. खुर्ची ढकलत दोघी कचेरीत पोचल्या. टेबलापलीकडचा कारकून तरणाबांड, चेहऱ्याने गरीब, आणि त्याच्या बॅगेची चेन मधोमध उसवलेली. चेनवालीने न विचारताच बॅग मांडीवर ओढली आणि पिशवीतून पक्कड काढली. तो बिचारा कागद वाचत राहिला. त्याने समजावलं, मावशी, मदतीचे म्हणून घेतले असतील तर एवढ्या रकमेला कर लागतच नाही. फक्त ‘मदतीचा मोबदला’ लिहून द्या, प्रकरण मिटलं.

चेनवालीने मान हलवली. मोबदला लिहिणार नाही. मी काय हिची नोकर आहे? जिंकलेत ते पैसे. जाऊ दे दुकान गेलं तर.

बाईंचा चेहरा उतरला. खाली बघत त्या म्हणाल्या, “अगं, मी मुद्दाम हरत होते.”

चेनवालीने रनर पक्कडीत धरला, हलकेच दाबला.

“माहितीये. गणिताची बाई दर एक तारखेला वजीर फुकट सोडते होय? पहिल्याच डावात कळलं मला.”

“मग घेत का राहिलीस?”

“पाकीट घेतल्यापासून तू पाणी मागायला लागलीस. ‘तुला त्रास’ म्हणायची थांबलीस. म्हणून घेत राहिले, बावळट.”

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि लगेच हसूही आलं. नोकर कशी असशील, त्या म्हणाल्या, नोकर मालकिणीला बावळट म्हणत नाही. चेनवालीने बॅग कारकुनापुढे सरकवली, त्याचंच पेन उचललं आणि ‘बुद्धिबळ’वर काट मारून ‘मदतीचा मोबदला’ लिहिलं. खाली ओळ होती, मदत कुणी कुणाला केली. तिथे लिहिलं, ‘एकमेकींनी एकमेकींना’. कारकुनाने ते वाचलं, जरा डोकं खाजवलं आणि शिक्का मारला. बॅगेच्या कामाचे पैसे तो देत होता, तर ती म्हणाली, नको बाबा, पुन्हा नव्या फॉर्मची भानगड.

पुढच्या एक तारखेला डाव मांडला, तो मात्र खराखुरा. बाईंनी बाह्या सरसावल्या आणि अकरा चालींत चेनवालीचा राजा कोंडला. सव्वीस महिन्यांची हौस एका दिवसात फेडून घेतली. मग पाकीट तिच्या हातात दिलं. तिनेही मुकाट्याने पिशवीत टाकलं आणि उद्या परत मांड, बघतेच तुला, असं बजावून सोंगट्या गोळा करायला लागली.

“ते राहू दे गं,” बाई म्हणाल्या. “आधी पाणी दे. तुला पाणी पाजून घसा सुकला माझा.”