सुहासिनीबाईंच्या घरचं केळवण

सुहासिनीबाईंच्या दारातून माणूस न जेवता परत गेला, असं रामवाडीत कुणी सांगितलं तर लोक त्यालाच वेड्यात काढतील. पेणच्या शाळेत बाईंनी जन्म घालवला. तिथेही मुलींचे डबे संपलेत की नाही ते बघून मगच त्या फळ्याकडे वळायच्या. निवृत्त झाल्या आणि हातात आला फोन. मग काय विचारता! वालाचं बिरडं शिजो नाहीतर कानवले तळले जावोत, आधी रील, मग जेवण. नवरा मोरोपंत बिचारे निवलेलं खायचे.

रोह्याजवळ वरश्याला बाईंचे भाऊ-वहिनी राहतात. त्यांच्या मुलीचं, ऋजुताचं लग्न ठरलं. पहिलं केळवण आत्याचंच, यात वादच नव्हता. ताटाभोवती रांगोळी, कोलंबी, बिरडं, कानवले, आणि समोर मनापासून जेवणारी ऋजुता. पोरगी अंगानं भरलेली, हसली की गालाला खळी. रील तुफान चाललं. त्याखाली कुणा टवाळानं लिहिलं, ‘नवरी आहे की धान्याची कणगी?’ त्याला चार शब्द सुनावायचे सोडून बाईंनी हसरे चेहरे टाकले आणि उत्तर दिलं, ‘खात्यापित्या घरची आहे हो, दिसणारच!’ आपण काय झकास बोललो, म्हणून वहिनींना वाचूनही दाखवलं. ऋजुता शेजारीच बसली होती.

पुढे नात्यात घरोघरी केळवणं झाली. प्रत्येक व्हिडिओत ताट भरलेलं, आणि पोरगी मात्र दर खेपेला अंगानं उतरलेली. बाई तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "आता कशी नवरी शोभतेस!" हेही त्याच म्हणाल्या, दुसरं कुणी नाही.

मग ब्लाउजचं माप देता देता ऋजुता शिंप्याच्या दुकानात कोसळली. सलाइन लागलं. वहिनींनी फोनवर सांगितलं, "वन्सं, केळवणाहून आली की ती नळ सोडून न्हाणीत बसायची. सगळं ओकून टाकायची. डॉक्टर म्हणतात, हा आजारच आहे, बरं व्हायला वेळ लागेल." वहिनींनी दोष दिला नाही. दिला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. रील, उत्तर, सगळं त्यांनी पुसून टाकलं आणि मऊ भाताचा डबा घेऊन वरसे गाठलं.

ऋजुता उठून बसली. ताट पुढे येताच तिनं ओढणी सारखी केली, हनुवटी जराशी वळवली, घास ओठांपाशी नेला आणि तशीच हसत थांबली.

"आत्या, काढ ना."

"फोन घरीच ठेवलाय गं. ते सगळं काढून टाकलं मी. माझं ते उत्तरसुद्धा."

ऋजुतानं घास परत ताटात ठेवला. "माझ्याकडे आहे त्याचा फोटो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "जेवायच्या आधी बघते मी."

बाईंनी मान खाली घातली. ‘आत्याचा एक घास’ म्हणत लहानपणी हिला त्यांनीच भरवलं होतं. आज तेच शब्द ओठांवर आले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना आग्रह करायची लाज वाटली.