मशीनची परवानगी

गल्लीत तिला पाठीमागे 'इंजिन' म्हणत. वाफेच्या इस्त्रीमुळे म्हणत आणि स्वभावामुळेही. बावन्न वर्षांची बाई, नवरा कधीचा वारलेला. तळमजल्यावरचं इस्त्रीचं दुकान एकोणीस वर्षं एकटी चालवत होती. हॉटेलांचे गणवेश, ऑफिसचे शर्ट, लग्नाचे कोट. शर्ट हातात घेतला की आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. एखादी चुणी राहिली की स्वतःलाच शिव्या घालायची. बटण तुटलेला शर्ट आणला तर गिऱ्हाइकालाही सोडायची नाही.

दुकानाच्या वरच्या खोलीत एक संगीतकार भाड्याने राहायचा. एक गिटार, एक लॅपटॉप आणि वायरींचा नुसता गुंता. गाणी स्वतःच करायची आणि कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता स्वतःच नेटवर टाकायची, असा त्याचा खाक्या. एकदा तो खाली आला.

"मावशी, तुमच्या मशीनचा आवाज कसला भारी आहे! नव्या अल्बमसाठी रेकॉर्ड करू?"

"मला काय विचारतोस? मशीनला विचार," ती हसत म्हणाली.

त्याने बॉयलरशेजारी काडेपेटीएवढा रेकॉर्डर ठेवला आणि संध्याकाळी घेऊन गेला. मधल्या वेळात भावाचा फोन आला होता, दोघं कडाडून भांडली होती. रेकॉर्डर चालू आहे, हे त्या गडबडीत तिच्या लक्षातही राहिलं नाही.

भांडण आईवरून होतं. दुसऱ्याच दिवशी भाऊ आईला आणून सोडून गेला. तेव्हापासून आई दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून गिऱ्हाइकांची तुटकी बटणं लावायची. ऐंशीच्या घरात होती, पण सुईत दोरा स्वतः ओवायची.

नऊ महिन्यांनी एका सकाळी हॉटेलातली रिसेप्शनवरची मुलगी गणवेश न्यायला आली, ती नाचतच.

"मावशी, वरच्या दादाचा अल्बम आलाय! आणि तुम्ही आहात त्यात!"

तिने फोन काउंटरवर ठेवला. आधी वाफेची फुस्स, मग पेडलची खटखट, त्यावर गिटार. इस्त्रीवालीला गंमत वाटली. आपलंच मशीन, पण काय ऐटीत वाजतंय! तेवढ्यात तिचा स्वतःचा आवाज आला. "नको मला आई. मरत का नाही एकदाची." मग ठोका. मग पुन्हा, "नको मला आई." आठ वेळा, सोळा वेळा, दर वेळी अधिक जलद. मुलगी मान डोलवत होती.

"बंद कर ते," ती म्हणाली. मागच्या खोलीकडे बघायचं तिला धाडस झालं नाही.

दुकान उघडंच टाकून ती जिना चढली. दार ढकललं. संगीतकार कानांवर हेडफोन लावून बसला होता, ते तिने ओढूनच काढले.

"कोणाला विचारून घातलंस ते?"

"मावशी, तुम्हीच तर हो म्हणालात..."

"मशीनला विचार म्हटलं होतं! माझ्या तोंडाला कधी विचारलंस?"

"पण आवाज कोणाचा ते कोणाला कळणार आहे? आणि खरं सांगू, सगळ्यांना तेच गाणं आवडलंय. इतकं खरं आहे ते."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खरं? वीस मिनिटं बोलत होते मी भावाशी. शेवटी काय म्हणाले ते लाव. लाव म्हणते ना!"

त्याने मुकाट्याने मूळ रेकॉर्डिंग शोधलं. भांडण, रडणं, मध्येच एका गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणणं. आणि सगळ्यात शेवटी, थकलेल्या आवाजात: "बरं, आण तिला. उद्याच आण. गोळ्यांची चिठ्ठी विसरू नकोस."

"हे का नाही घातलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "तालात बसत नव्हतं."

ती म्हणाली, "काढ ते गाणं. माझ्यासमोर काढ."

त्याने काढलं. पण पंधरा दिवसांत शेकडो लोकांनी उतरवून घेतलं होतं, कुणी कुणी पुढे पाठवलं होतं. ते परत आणणं आता त्याच्याही हातात नाही, असं तो चाचरत म्हणाला.

ती खाली आली तेव्हा आई हातात शर्ट धरून बसली होती. सुई तशीच.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

"म्हातारी आहे, बहिरी नाही," आई म्हणाली. "असं म्हणाली होतीस तू?"

"म्हणाले होते. पण शेवटी 'आण' म्हणाले, आई."

"ते गाण्यात नव्हतं."

दोन दिवस आई बोलली नाही. जेवायचं ताट घ्यायची, पण तोंड खिडकीकडे. तिसऱ्या दिवशी संगीतकार दारात आला. डोळे सुजलेले, हातात फोन. "आजींना पूर्ण रेकॉर्डिंग ऐकवतो ना मी. मग त्यांना पटेल."

"खबरदार!" इस्त्री हातात घेऊन ती उभी राहिली. "माझं वाईट वाजवलंस, आता चांगलंही वाजवणार? माझ्या आईला काय सांगायचं ते मी सांगेन. ते पुसून टाक. सगळं."

तो गेल्यावर मागून आईचा आवाज आला. "ऐकवू द्यायचं होतंस की."

"का? माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"तुला मला आणायचं नव्हतं, एवढं खरं ना?"

"नव्हतं," ती म्हणाली. "त्या दिवशी नव्हतं."

आईने सुई पुन्हा शर्टात घातली. दोघी रागावलेल्याच होत्या, पण आता निदान एकमेकींवर, तोंडासमोर. बारा वाजता आईने, दुपारी काय करणार आहेस, असं विचारलं. तिने सांगितलं. आई म्हणाली, मीठ बेताने घाल, काल खारट झालं होतं.

संगीतकाराने वर्षअखेरीस खोली सोडली. तोवर त्याचे कपडे तिने एकदाही इस्त्रीला घेतले नाहीत.