न वाकणारा तिकीटवाला

आमच्या वरच्या मजल्यावरचा तिकीटवाला मला कधीच आवडला नाही आणि इथून पुढेही आवडायचा नाही. थिएटरच्या तिकीटखिडकीत त्याने जन्म काढला. खिडकी म्हणजे जाड काचेला कमरेच्या उंचीवर पाडलेलं अर्धगोल भोक. वरची काच पोस्टरांनी झाकलेली. आत बसलेल्याला बाहेरच्यांचे हात, नोटा आणि शर्टाची खालची बटणं, एवढंच दिसायचं. आमचे हे कंबरदुखीने बेजार असायचे. "अहो, जरा वाकून माणसाकडे बघून बोला की," असं ते एकदा तिकीट काढताना म्हणाले, तर आतून उत्तर आलं, "वाकायचं ते गिऱ्हाइकानं. मी कुणासाठी वाकत नसतो." हे वाक्य तो जिन्यातही मिरवायचा.

त्याच खिडकीसमोर थिएटरच्या पार्किंगवाल्याला कुणीतरी भोसकून मारलं. पोलिसांनी तिकीटवाल्याला एकच फोटो दाखवला आणि याने कोर्टात छातीठोकपणे सांगितलं, "हाच चेहरा. खिडकीतून स्पष्ट पाहिला." दुसरा साक्षीदार नव्हता. घरं रंगवणाऱ्या एका पोराला फाशीची शिक्षा झाली. तिकीटवाला मात्र गल्लीत 'साक्षीदारसाहेब' म्हणवून घेऊ लागला.

अपील दाखल झाल्यावर रंगाऱ्याची बहीण तिकीटवाल्याला भेटायला आली. त्याने तिला दारातच उभं केलं. आवाज चढला तशी मी जिना चढून गेले.

"काका, एकदा आठवून बघा. माझ्या भावाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"माझी नजर म्हणजे नजर! खोटी नोट लांबून ओळखतो मी."

"नोट ओळखाल हो. पण चेहरा कसा दिसला? काचेवर तर पोस्टरं होती."

"तू शिकवणार मला? चल, नीघ!"

"अहो, पाणी तरी विचारा तिला," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्ही तुमची भांडी घासा."

भांडी माझी केव्हाच घासून झाली होती. मी मुलीला खाली घरी आणलं, चहा दिला आणि त्याचं ते वाकण्याचं वाक्य ऐकवलं. तिने कप खाली ठेवला.

"आजी, हे वकिलांना सांगाल?"

"सांगेन काय, शपथेवर सांगेन."

माझं प्रतिज्ञापत्र गेलं, खिडकीची मापं गेली आणि वरच्या कोर्टाने तिकीटवाल्याला पुन्हा साक्षीला बोलावलं. कडक इस्त्रीचा कोट घालून तो पिंजऱ्यात उभा राहिला. मागच्या बाकावर मुलीने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

तिच्या वकिलांनी विचारलं, "आतून चेहरा बघायचा तर भोकाशी वाकावं लागतं. त्या दिवशी तुम्ही वाकला होतात?"

त्याने नुसतं 'हो' म्हटलं की पोरगा फासावर गेलाच.

तिकीटवाला ताठ झाला. "मी? आणि वाकलो? साहेब, उभ्या जन्मात नाही. हवं तर त्या वहिनींना विचारा!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग चेहरा कुठे पाहिलात?"

"चेहरा..." तो घुटमळला. "फोटोत होता ना."

फाशी रद्द झाली. रंगारी सुटून घरी आला. तिकीटवाल्याला मात्र अजून वाटतं, आपण कोर्ट गाजवलं. "पाहिलंत ना वहिनी? जजसमोरसुद्धा वाकलो नाही!"

बहीण परवा म्हणाली, "आजी, त्यांचे आभार मानून येऊ का?"

"खबरदार," मी म्हटलं.

काल जिन्यात त्याची किल्ली पडली. मी उचलून देईन म्हणून तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी किल्ली ओलांडून घरात गेले आणि कडी लावून घेतली.